चि. वत्सला हिच्या बारशानिमित्त

माझ्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस बावीस वर्षं बसला. भांड्यांवर नावं घालायचा. शेवटी मीच त्याला उठवलं, आणि बरं केलं असं आजही म्हणतो. शनिवार पेठेतली जुनी गिऱ्हाइकं अजून विचारतात, ते नाववाले चाचा कुठे गेले हो? मी म्हणतो, गेले. पुढचं सांगत नाही. आज सांगतो आहे, कारण परवा घरात एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून तो माणूस डोक्यातून उतरायला तयार नाही.

दिसायला उंच आणि वाळका. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा. गोणपाटाची चौघडी घालून त्यावर बसायचा आणि मांडीवर भांडं उपडं घ्यायचा. मशीन चालू झालं की पुढच्या दोन दुकानांना ऐकू जाईल असा टर्रर्र आवाज. वेलांटी आली की आवाज बदलायचा. मी आत गल्ल्यावर बसून नुसत्या आवाजावरून सांगू शकायचो की आता ‘सुनीता’मधला ‘नी’ चालू आहे.

पहिल्या दिवशी तो पायरी मागायला आला तेव्हा मी भाडं सांगितलं. मी सौद्यात हरत नाही. हातगाडीवरून दुकानात आलो तो काय कुणाच्या मेहेरबानीनं नाही. तो म्हणाला, "भाडं नाही देणार, शेठ. नाव घालेपर्यंत बाई इथे पंधरा मिनिटं उभी राहील. उभी राहिली की बघेल. बघितलं की घेईल. उलट आपणच मला काही द्यायला हवं, पण ते मी मागत नाही." वर माझ्याच दुकानातून वायर ओढून वीज घेतली. त्या सौद्यात मी हरलो, आणि महिन्याभरात लक्षात आलं की त्याचं बरोबर होतं. हे दोन्ही मला आवडलं नव्हतं.

नाव घालण्याआधी तो अर्थ विचारायचा. बाई घाईत असायची, लग्न चार दिवसांवर, पिशवीत सहा ताटं, आणि हा विचारणार, "वर्षा म्हणजे काय?" बाई म्हणायची, पाऊस. मग घालायचा. ज्यांना सांगता यायचं नाही त्यांना आधी अर्थ सांगायचा, मग मशीन लावायचा. एकदा एक आई मुलीचं नाव मृण्मयी म्हणाली. अर्थ विचारल्यावर गप्प. चाचा म्हणाला, "मातीची." बाई चिडली. चांगल्या मातीची असं म्हणा, म्हणाली. "माती ती मातीच, बाई. त्यात वाईट काय आहे? आपण सगळेच शेवटी तिथे जाणार. तुमचं दहन होईल, आम्ही सरळ मातीत." बाई भांडी उचलून गेली. मी चाचाला झापलं. तो म्हणाला, "येईल परत. तिला आता माहीत झालंय, दुसरीकडे घातलं तरी टोचत राहील." ती परत आली.

हे सगळं आलं कुठून, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, बाराव्या वर्षी मामाबरोबर या कामाला बसलो तेव्हा ही नावं आमच्या घरातली नव्हती. अक्षरं ओळखायचो, पण अर्थ माहीत नव्हता. आणि ज्याचा अर्थ माहीत नाही ते पितळेवर कसं ठोकायचं? तेव्हा मशीन नव्हतं, छिन्नी आणि हातोडी, एकेक ठिपका. एका नावाला एवढा वेळ लागायचा की बाईला काहीतरी विचारावंच लागायचं. तर हेच विचारायचो. हिंदूंची नावं मी बायकांकडून शिकलो, शेठ. पुस्तक उघडलेलं नाही.

त्याची दुसरी खोड म्हणजे पट्टी. कुठलंही नाव भांड्यावर घालण्याआधी तो पत्र्याच्या बोटभर पट्टीवर घालून बघायचा. सुई बरोबर चालते का, जागा पुरते का. काम झाल्यावर कुणीही ती पट्टी फेकली असती. हा भोक पाडून तारेच्या कडीत ओवायचा. एका नावाची एक कडी. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात अशा दीडदोनशे कड्या होत्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो डबा उघडून बसायचा आणि किल्ल्यांचा जुडगा बघावा तशा कड्या बघायचा. कुठलं नाव कधी जोरात होतं, कधी बसलं, ते त्या कड्यांच्या जाडीवरून कळायचं. कुसुमची कडी जाड. सुनीताची त्याहून जाड. अलीकडच्या नावांच्या कड्या बारीक, एकेका कडीत तीन, चार पट्ट्या. तो म्हणायचा, आता एका वर्गात एका नावाची दुसरी मुलगी सापडली तर आईला कमीपणा वाटतो. आमच्या वेळी एका वर्गात पाच सुनीता असायच्या आणि पाचही हाकेला ओ द्यायच्या.

सगळ्यात जाड कडी होती वत्सलाची. माझ्या मनगटाएवढी.

वत्सला हे माझ्या आईचं नाव.

आई यवतमाळकडची. बाप वारल्यावर मला घेऊन पुण्याला आली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. गावात तिला सगळे वच्छला म्हणायचे. इथे नारायण पेठेत तिनं धुण्याभांड्याची पाच घरं धरली. त्यातल्या एका घरात मालकीणबाईंचंही नाव वत्सला होतं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, एका घरात दोन वत्सला कशा चालतील? आम्ही तुला यमुना म्हणू. आई हो म्हणाली. त्या घरात ती अकरा वर्षं यमुना होती. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जायचो, मागच्या चौकात बसायचो. ताटं, तांबे, पातेली, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव होतं. आईला वाचता येत नव्हतं. मी शाळेत जायला लागल्यावर तिला वाचून दाखवलं. आई, हे तुझंच नाव आहे. तिनं बोटानं चाचपून बघितलं आणि पुन्हा राख लावली.

आमच्या खोलीत चार भांडी होती. चौदाव्या वर्षी मला पहिली कमाई झाली तेव्हा मी म्हटलं, पातेल्यावर तुझं नाव घालून आणतो. ती हसली. म्हणाली, "आपली भांडी कोनाच्या भांड्यात मिसळतात रे?" पंक्तीला, शेजारी, लग्नाला ज्यांची भांडी जातात ते नाव घालतात. आमचं काही कुठे जात नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा असताना ती गेली. तेव्हा माझी हातगाडी होती. आज माझ्या दुकानात छतापर्यंत भांडी आहेत, आणि तिच्या नावाचा एक चमचा नाही.

हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. दुपारची वेळ होती, त्याच्या हातात वत्सलाची कडी होती, मी चहा घेऊन पायरीवर बसलो आणि सांगून गेलो. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "त्या घरातल्या भांड्यांवरचं अक्षर कसं होतं? ‘स’चं पोट मोठं होतं?" मी म्हटलं, होतं. "मग ते माझंच," तो म्हणाला आणि कडी डब्यात ठेवून दिली. त्या दिवशी त्यानं लवकर आवरलं.

वत्सला नावाबद्दल मला जे माहीत आहे ते त्याच्याकडून. वत्स म्हणजे वासरू. वासराला चाटताना गाईला जे वाटतं ते जिच्यापाशी आहे ती वत्सला. बलरामाची मुलगी, अभिमन्यूची नवरी. एका कीर्तनकारांच्या बायकोनं त्याला सांगितलं होतं की मूळ महाभारतात ही मुलगी नाहीच, लोकांनी आपल्या पदरची घातली. हे सांगताना चाचा खूश व्हायचा. म्हणायचा, बघा, एवढ्या बायका होत्या त्या गोष्टीत, तरी लोकांना एक प्रेमळ मुलगी कमी पडली.

आणि एक तो सांगायचा, ते मी विसरू शकत नाही. म्हणायचा, नावाचं आयुष्य भांड्यावर दिसतं. मी कामाला बसलो तेव्हा वत्सला नवरी होती. ‘चि. सौ. कां. वत्सला हिस आईकडून.’ मग पंधरावीस वर्षांनी तेच नाव यायला लागलं, पण मजकूर बदलला. ‘सौ. वत्सलाताई यांजकडून सप्रेम भेट.’ भाच्यांना, पुतण्यांना, मुलीला. मग ‘कै. वत्सलाबाई यांच्या स्मरणार्थ’ सुरू झालं. देवळांना, मंगल कार्यालयांना, पातेलीच्या पातेली. आता तेही संपलं. आता ती भांडी आपल्याकडे मोडीत येतात, शेठ. नातसुनेला जड होतात. आपण वजन करता आणि मी नाव वाचतो.

मोडीचं पोतं भरण्याआधी तो खरंच प्रत्येक भांडं हातात घेऊन वाचायचा. माझा वेळ जायचा. मी ओरडायचो.

सहा वर्षांपूर्वी मला नात झाली. मुलगा आणि सूनबाई दोघंही संगणकाच्या नोकरीत. सूनबाई शहाणी आहे, आवाज न चढवता बोलते. अशा माणसाशी सौदा करणं अवघड. मी दवाखान्यातच सांगून टाकलं, नाव वत्सला. सूनबाई म्हणाली, "बाबा, जरा विचार करतो आम्ही." मी पुढे म्हटलं, घरात काय हवं ते म्हणा, कागदावर वत्सला. ती परत तेच म्हणाली. मला वाटलं, ठरलं. ‘विचार करून येते’ म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही हे मला चाळीस वर्षं माहीत आहे, पण तेव्हा सुचलं नाही. माणूस स्वतःच्या घरात दुकानदार राहत नाही.

बारशाला यायच्या बायकांना द्यायला मी दुकानातल्या सगळ्यात चांगल्या वाट्या काढल्या. एकशे एक्कावन्न. जाड बुडाच्या, काठाला गोलाई असलेल्या. पायरीवर पोती नेऊन ठेवली आणि चाचाला म्हटलं, घाला. ‘चि. वत्सला हिच्या बारशानिमित्त.’ मनात होतं, ज्या नावाच्या वाट्या दीडशे घरांत जाणार, ते नाव कोण बदलणार?

त्यानं विचारलं, "बारसं झालं?"

"रविवारी आहे."

"मग सोमवारी घालतो."

मी समजावलं, चिडलो, दुप्पट मजुरी सांगितली. तो एकच म्हणत राहिला. मुलीचं नाव आधी तिच्या कानात पडतं, मग दुसऱ्या कुणाच्या तोंडात, मग भांड्यावर. तुमच्यात आत्या कानात सांगते. आमच्यातही पहिलं जे सांगायचं ते कानातच. जिचं नाव तिला ठाऊक नाही ते मी स्टीलवर घालणार नाही. नव्या नवरीचं बदललेलं नावसुद्धा तांदळात लिहिल्याशिवाय तो घालत नसे, हे मला माहीत होतं. मी अशी गिऱ्हाइकं परत जाताना बघितली होती. पण मी गिऱ्हाईक नव्हतो.

मी पोती रिक्षात टाकून लेसरवाल्याकडे नेली. त्यानं अर्थ विचारला नाही, बारशाची तारीखही विचारली नाही. संध्याकाळपर्यंत एकशे एक्कावन्न वाट्या तयार. अक्षर एकसारखं, छापल्यासारखं. ‘स’ला पोट नव्हतं.

रविवारी हॉल भरला होता. आमच्यात पाळण्यापाशी बायका असतात, पुरुष मागे. मी वाट्यांची खोकी दारापाशी लावून घेतली होती आणि दोन बायकांना वाटपाला बसवलं होतं. येईल तिच्या हातात वाटी. माझी मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, पाळण्यावर वाकली, कानात कुर्र केलं, आणि सरळ होऊन मोठ्यानं सांगितलं, "इरा."

मी ऐकलं, पण मला कळायला वेळ लागला. बायकांना लगेच कळलं. चाळीसएक जणींच्या हातात वाट्या होत्या आणि त्या उलटून वाचत होत्या. पुढच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "जुळ्या झाल्या का हो?" विचारताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मग हसू पसरलं. माझी मुलगी खुर्च्यांच्या रांगांमधून जाऊन वाट्या गोळा करत होती, मावशी, ती चुकून दिली हं, दुसरी देते. खोक्यांतल्या धरून एकशे एकोणपन्नास भरल्या. दोन कुणाकडे राहिल्या ते कळलं नाही.

घरी आल्यावर मी बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मुलानं मान खाली घातली. सूनबाई म्हणाली, "बाबा, मी ठरवलं नव्हतं. मला खरंच ठरवता येत नव्हतं. म्हणून मागच्या आठवड्यात मी दुकानावर आले होते, तुम्ही बँकेत गेला होता. मी चाचांना विचारलं."

सोमवारी सकाळी मी दुकानावर पोचलो तेव्हा नोकरानं शटर उघडलेलं होतं आणि तो पायरीवर बसलेला होता. डबा उघडा, मांडीवर मशीन, काहीतरी करत होता.

"तिला काय सांगितलंत?"

त्यानं मशीन बंद केलं. "विचारलं ते."

"काय विचारलं?"

"अर्थ विचारला. सांगितला. वासराची गोष्ट सांगितली, अभिमन्यूची सांगितली. सुंदर नाव आहे म्हटलं. मग तिनं विचारलं, चाचा, तुमची नात असती तर ठेवलं असतं का? मी नाही म्हणालो."

मी काही बोलण्याआधी तोच पुढे बोलला. बावीस वर्षांत इतकं सलग बोलताना मी त्याला ऐकलं नव्हतं. "शेठ, हजारभर वत्सला घातल्या असतील मी. एकीनेही स्वतःसाठी भांडं घेतलं नाही. आईकडून आलं, नाहीतर दुसऱ्याला दिलं, नाहीतर मेल्यावर नाव लागलं. नावातच तसं आहे. तिनं माया करायची. तिच्यावर कोण करणार, ते नावात नाही. पोर चार दिवसांची नाही तोवर तिला काम लावून द्यायचं?"

"ती माझी आई होती."

"माहीत आहे. आपणच सांगितलंत. कधी ताट वाढून घेतलं नाही, आपलं जेवण झाल्यावर पातेल्यातच खायची. आपण ते अभिमानानं सांगितलंत. मला ते ऐकवलं नाही. ती घासायची ती भांडी मीच घातली होती ना. दुसरीच्या नावानं."

माझा पाय कधी उठला मला कळलं नाही. त्याच्यावर नाही उठला, एवढं मी देवाचं नाव घेऊन सांगतो. डब्याला लाथ बसली. कड्या रस्त्यावर गेल्या, काही तुटल्या, पट्ट्या सांडल्या. सकाळची वेळ, शाळेच्या रिक्षा चालल्या होत्या, त्यांच्या चाकांखाली नावं वाजत होती. मी ओरडलो, पुन्हा या पायरीवर पाय ठेवायचा नाही. तो उठला. एकेक पट्टी वेचली. कुणी मदतीला आलं त्याला हातानं थांबवलं. पाऊण तास वेचत होता आणि मी गल्ल्यावर बसून समोर बघत होतो. जाताना माझी वायर नीट गुंडाळून काउंटरवर ठेवली.

"येतो" म्हणाला नाही. "शेठ" म्हणाला फक्त.

दुपारी शटरच्या खाचेत एक पट्टी अडकलेली सापडली. त्या सकाळी तो तीच करत होता. दोनच अक्षरं होती, इरा. बारसं झालं होतं, नाव कानात पडलं होतं, त्याच्या कायद्यानं आता घालायला हरकत नव्हती. सोमवारी घालतो म्हणाला होता आणि सोमवारी घालत होता. मी ती पट्टी मोडीच्या पोत्यात टाकली. त्याच दिवशी गाडी येऊन पोतं घेऊन गेली.

दोन वर्षं मी त्याचं नाव काढलं नाही. पायरीवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. गिऱ्हाइकांनी नाव घालायचं विचारलं की सांगायचो, आता कुणी घालत नाही. ते खरंही आहे. आता भांडी नेतात तशीच ठेवतात. कुणाची कुणात मिसळायची भीती राहिली नाही, कारण कुणाची कुणाकडे जातच नाहीत.

मग एकदा नगर रोडला एका हॉटेलवाल्याकडे माल पोचवायला गेलो असताना वाघोलीत थांबलो. त्याचा पुतण्या तिथे कारखान्यात कामाला आहे आणि चाचा त्याच्याकडे असतो, असं कानावर आलं होतं. मी माफी मागायला गेलो नव्हतो. गाडीत दोन खोकी वाट्या होत्या. मनाशी ठरवलं होतं की विचारायचं, यांवरचं नाव काढता येतं का? तेवढंच विचारायचं. पुढचं तो बोलला तर बोलला.

चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पुतण्यानं दार उघडलं, मला ओळखलं, पाणी दिलं. म्हणाला, चाचा गेले, सव्वा महिना झाला. हात थरथरायला लागले होते, शेवटी चमचाही धरवत नव्हता.

मी विचारलं, डबा कुठे आहे?

"कुठला? ते पत्रे? ते भंगारात दिले, काका. घर लहान आहे. सगळं मिळून अकरा किलो भरलं."

मी विचारलं, काय भावानं दिलं? त्यानं सांगितलं. भाव कमी होता. मी त्या पोरावर एवढा संतापलो की शेजारचं दार उघडलं. चांगलं स्टेनलेस आहे ते, असा भाव देतात का, मला विचारायचं होतंस, मी दीडपट आणून दिला असता. त्या पोराला वाटलं असणार, हा म्हातारा चार पैशांसाठी ओरडतो आहे. वाटू दे. मला दुसरं कशावर ओरडायचं ते सुचत नव्हतं. साठ वर्षांतल्या पेठेतल्या सगळ्या बायका अकरा किलो भरल्या.

वाट्या परत आणल्या. माळ्यावर टाकल्या.

नात सहा वर्षांची झाली. मी तिला इरा म्हणत नाही. बाळ म्हणतो, सोनू म्हणतो, काहीही म्हणतो. सूनबाईच्या लक्षात आलं आहे, बोलत नाही. इरा म्हणजे काय, हे मी कुणाला विचारलेलं नव्हतं. मागे एका जुन्या गिऱ्हाइकानं आपणहून सांगितलं, चाचांनी मला सांगितलं होतं हो, इरा म्हणजे पाणी, पृथ्वी, वाणी. फार जुनं नाव, वत्सलापेक्षाही जुनं. मी म्हटलं, असेल.

परवा रंगकामासाठी माळा रिकामा केला. खोकी हॉलमध्ये उतरवली. एक फुटलं आणि वाट्या घरंगळत गेल्या. पोरगी धावत आली. तिची शाळा इंग्रजी, मराठी वाचता येत नाही. आईनं तिला फक्त तिचं नाव लिहायला शिकवलं आहे. दोन अक्षरं, इ आणि रा. भिंतीवर, वहीवर, काचेवरच्या वाफेवर सगळीकडे तेच लिहीत असते.

तिनं वाटी उचलून उलटी केली.

"आजोबा, यावर काय लिहिलंय?"

"वत्सला."

"म्हणजे कोण?"

"माझी आई."

"ती काय करायची?"

मी म्हटलं, "भांडी घासायची."

"ही?"

"नाही. लोकांची."

तिनं फरशीवर पसरलेल्या वाट्यांकडे बघितलं. "आणि या सगळ्या तिच्या आहेत?"

इतक्या वर्षांत असा विचार मी केला नव्हता. मी हो म्हणालो. तिला ते पटलं. ती खाली बसली, दोनचार वाट्या एकात एक घातल्या, काढल्या. मग मान वर करून म्हणाली, "आपलं भांड्यांचं दुकान आहे ना? मग माझ्या कुठेत?"

मी म्हटलं, बघू. दुकानात मी हा शब्द गिऱ्हाइकाला वाटेला लावताना वापरतो. पण ती वाटेला लागली नाही. तिनं एक वाटी उलटी केली, बोटानं अक्षरांवरून गेली, तिची दोन अक्षरं नव्हती, बाजूला ठेवली. दुसरी घेतली. तीही बाजूला ठेवली. मी म्हटलं, अगं, सगळ्यांवर तेच आहे. ती म्हणाली, एकावर तरी असेल.

दुपारभर ती एकेक वाटी उलटत होती. मी खुर्चीत बसून होतो. एकशे एकोणपन्नास होईपर्यंत मी तिला थांबवलं नाही.